स्कॉथवेटच्या सहा गुणांचं प्रकरण

अल्विन बूथरॉइड स्वतःबद्दल फार बोलत नसे. फक्त सकाळी दाढी करताना, दुपारी बसथांब्यावर आणि संध्याकाळी जेवताना बोलत असे. त्याचं म्हणणं असं, की गुन्हेगाराच्या मनात थेट शिरेल असं नाक अख्ख्या यॉर्कशरमध्ये एकच, आणि ते त्याच्या तोंडावर आहे.

एकतीस वर्षं त्याने स्कॉथवेटच्या पाणीखात्यात गळती शोधली होती. रस्त्यावर लाकडी दांडी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठे झिरपतंय ते ऐकायचं. निवृत्त झाल्यावर त्याने कार्डं छापून घेतली: 'अल्विन बूथरॉइड, खासगी अन्वेषक. गळती कुठलीही असो.' पहिल्या महिन्यात तीन फोन आले. तिघांनाही केसगळतीवर औषध हवं होतं.

चौथा फोन हेडली क्रॅबट्रीचा आला. हेडली स्कॉथवेटच्या रग्बी लीग क्लबचा अध्यक्ष.

"अल्विन, घोटाळा झालाय. लीगकडे निनावी पत्र गेलंय. आपला एक खेळाडू म्हणे चोरून फायदा घेतोय. तो फायदा हिशेबात धरला तर आपण पगारमर्यादेच्या वर जातो."

पगारमर्यादा म्हणजे काय, हे स्कॉथवेटमध्ये कुणाला सांगावं लागत नसे. खेळाडूंवर सगळा मिळून किती खर्च करायचा याची लीगने रेघ मारून दिलेली, म्हणजे श्रीमंत क्लबांनी सगळेच चांगले गडी उचलू नयेत. रोख असो, गाडी असो, घर असो, क्लबशी संबंध असलेल्या कुणीही दिलं तरी ते मोजायचं.

"तीन आठवड्यांनी सुनावणी आहे," हेडली म्हणाला. "आपणच शोधून कबूल केलं तर थोडक्यात सुटू. नाही तर सहा गुण कापणार. आधीच आपल्या अंगात गुण कमी, त्यातले सहा गेले की सरळ खालच्या गटात! तिथे पगार निम्मे. अर्धी पोरं खेळ सोडतील."

"पण या कामाला मीच का?" अल्विनने विचारलं. नाकाची स्तुती ऐकायची त्याची तयारी झाली होती.

"फुकट येणारा दुसरा कोणी नाही. शिवाय तू समर्थक मंडळाचा उपाध्यक्ष, घरचाच माणूस."

मदतनीस म्हणून अल्विनने जुनियास कौपाला घेतलं. जुनियास पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांतला, क्लबचा पुढच्या फळीतला गडी, वजन एकशे वीस किलो. दिवसा गालिच्याच्या कारखान्यात कामाला. दोन वर्षांपूर्वी तो गावात नवा आला, तेव्हा अल्विनच्या बायकोने, म्युरिएलने, त्याला बसथांब्यावर कुडकुडताना पाहिलं आणि घरी आणलं. तेव्हापासून तो त्यांच्याच माडीवर राहत होता. पाळत ठेवायला मात्र तो अगदी निरुपयोगी होता. विजेच्या खांबामागे लपला की खांबच दिसेनासा होई.

अल्विनचा पहिला संशय कर्णधारावर, रेक्स हिंचक्लिफवर. त्याचे समोरचे तीन दात नवे होते.

"दात कुणाच्या पैशाने आले, ते कळलं की प्रकरण मिटलं," अल्विन म्हणाला. सराव संपल्यावर त्याने रेक्ससमोर उभं राहून सात जांभया दिल्या. जांभई संसर्गजन्य असते, या शास्त्रावर त्याची भिस्त होती. सातव्या जांभईला रेक्सने तोंड उघडलं आणि अल्विनने भिंग घेऊन आत डोकावलं.

"काय बघतोस रे?" रेक्सने विचारलं.

"दातांवर कुणाचं नाव आहे का ते."

"आहे ना. सासूचं. ते तिचे जुने आहेत, कानशीने घासून बसवलेत. शनिवारी खेळताना काढून ठेवतो. हातात घेऊन बघायचेत का?"

अल्विनने बघितले नाहीत. वहीत लिहिलं: 'सासू स्वच्छ.'

दुसरा संशय डीन अर्नशॉवर. तो सरावाला लांबलचक काळ्या चकचकीत गाडीतून येई.

"वीस वर्षांच्या पोराला असली गाडी? जुनियास, पाठलाग!"

"काका, आपल्याकडे सायकल आहे."

"गाडी हळू चाललीय. नियतीच आपल्या बाजूने आहे."

गाडी खरोखरच फार हळू चालली होती. दोघं एका सायकलवर, जुनियास पेडल मारतोय आणि अल्विन मागे बसून दिशा दाखवतोय, असे चढ चढून टेकडीवरच्या चॅपलपाशी पोचले. तिथे काळे कपडे घातलेले साठ लोक उभे होते, आणि गाडीतून शवपेटी निघाली. डीन दिवसा अंत्यविधीवाल्याकडे ड्रायव्हर होता. गाडी त्याच्या मालकाची, ही गोष्ट त्या शवपेटीतल्या माणसासकट सगळ्यांना ठाऊक होती.

माघार घ्यायला उशीर झाला होता. प्रार्थनागीत सुरू झालं आणि जुनियासला आपल्या गावच्या चर्चची आठवण आली. तो असा काही खड्या आवाजात गायला की सगळं चॅपल वळून बघायला लागलं. मग तो रडला. त्याचं पाहून बाकीचे रडले. चहाच्या वेळी विधवेने दोघांपुढे हॅमची सँडविचेस ठेवली आणि अल्विनचा हात धरून विचारलं, "माझ्या हर्बर्टची आणि तुमची ओळख कुठली हो?"

"तपासाच्या निमित्ताने झाली," अल्विनच्या तोंडून निघून गेलं.

बाई पांढरीफटक पडली. "म्हणजे हर्बर्टने काही केलं होतं?"

तिची समजूत काढायला एक तास आणि नऊ सँडविचेस लागली. नऊही जुनियासने खाल्ली.

परतताना जुनियास म्हणाला, "काका, एक विचारू? खाल्लं असेल ते एकाने. मग गुण संघातल्या तेराही जणांचे का कापायचे?"

"तत्त्व असतं, जुनियास."

"शनिवारी चिखलात तत्त्व कुठे दिसत नाही."

अल्विनला हा उद्धटपणा वाटला. उत्तर म्हणून त्याने गावच्या वर्तमानपत्रात पत्रच छापून आणलं: दोषी इसमाला आजन्म मैदानबंदी करावी, त्याचं नाव फाटकावर रंगवावं, आणि क्लबचे गुणही कापावेत, म्हणजे पुन्हा कुणाची छाती होणार नाही. खाली सही, हुद्द्यासकट.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरात वही उघडून बसला होता. सतरा संशयित, सतरा काट. म्युरिएल समोर मटार सोलत होती. टेबलावर नियमांचं पुस्तक पडलं होतं, सालं टाकायला कागद पुरेना म्हणून तिने ते ओढलं आणि सहज एक पान वाचलं.

"अल्विन, हे ऐक. 'क्लबशी संबंधित व्यक्तीने खेळाडूला बाजारभावापेक्षा स्वस्तात दिलेली राहण्या-जेवणाची सोय.' समर्थक मंडळाचा उपाध्यक्ष म्हणजे संबंधित का रे?"

"अर्थात. अतिशय संबंधित."

"आणि आपल्या माडीवर कोण राहतं?"

"जुनियास."

"आठवड्याला देतो किती?"

"वीस पौंड. त्यात न्याहारी, रात्रीचं जेवण, कपडे धुणं आणि..." अल्विन थांबला. एक मटार टणकन जमिनीवर पडला. एकतीस वर्षं गावभर दांडी टेकवत फिरलेल्या माणसाला आपल्याच घरची गळती ऐकू आली नव्हती.

"सापडला का गुन्हेगार?" म्युरिएलने विचारलं.

"सापडला," अल्विन म्हणाला. "चाणाक्ष वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी लीगच्या कचेरीत त्याने सगळं कबूल केलं. तीन जणांच्या समितीवर एन्टविसलबाई प्रमुख होत्या. समितीच्या हिशेबनिसाने फायद्याची किंमत काढायला घेतली. "खोली पन्नास पौंड. जेवण, साधारण चार पौंडांचं धरू."

"चार?" म्युरिएल ताडकन उठली. "माझ्या हातच्या पाय-पेस्ट्रीला चार? अहो, आत मांस असतं तिच्या!"

"म्युरिएल, बस," अल्विन कुजबुजला. "जितकं महाग, तितके आपण मर्यादेच्या वर."

"असू दे वर! सात पौंडांच्या खाली मी ऐकणार नाही."

हेडलीने डोकं धरलं. हिशेबनिसाने निमूटपणे सात लिहिलं. एन्टविसलबाईंनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं. "मिस्टर बूथरॉइड, आजन्म बंदी, फाटकावर नाव, वर गुणही. हे तुमचंच मत ना?"

"हो बाई. पण ते मी दुसऱ्या कुणासाठी लिहिलं होतं."

समितीतले दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. "मग आता काय न्याय्य वाटतं?"

अन्वेषकाचा आवाज शोधूनही सापडेना, तेव्हा अल्विन साध्याच आवाजात बोलला. "बाई, ते गुण पोरांनी हाडं मोडून मिळवलेत. दिवसभर कारखान्यात उभं राहायचं आणि शनिवारी मार खायचा. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. नियमाचं पुस्तक माझ्या खिशात होतं, नाक पत्र लिहिण्यात खुपसलेलं. मला काय ती शिक्षा करा."

जुनियास उभा राहिला. "बाई, मी खोली सोडतो. खाल्लेलं मात्र परत करता येणार नाही."

तासाभराने निकाल आला. दोन गुण कापायचे, पण आत्ता नाही. वर्षभरात पुन्हा अशी चूक झाली तरच. क्लबने स्वतः कबुली दिली म्हणून ही सूट. जुनियासने दुसरी खोली शोधायची गरज नाही. त्याऐवजी बूथरॉइडने उपाध्यक्षपद सोडावं, म्हणजे क्लबशी संबंध उरणार नाही. आणि बूथरॉइडला घरच्या पाच सामन्यांना मैदानबंदी. पत्र कुणी लिहिलं ते कळलं नाही. त्याबद्दल अल्विनच्या पाच उपपत्ती तयार होत्या, पण म्युरिएलने एकही ऐकली नाही.

पुढचा शनिवार. मैदान घरापासून दोन गल्ल्यांवर. अल्विन परसात खुर्ची टाकून बसला. आरोळी आली की उठे, आरोळी विरली की बसे, पण आपल्या लोकांची की पाहुण्यांची, ते त्या प्रसिद्ध कानाला एकदाही कळलं नाही. पाचच्या सुमाराला जुनियास आला, एक कान सुजलेला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काय झालं?"

"हरलो, काका. बारा-दहा. शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या हातून सुटला."

"म्हणजे विजयाचे दोन गुण गेले."

"गेले. पण कुणी कापले नाहीत. आमचे आम्हीच घालवले."

अल्विनने चिखलाने माखलेल्या त्या अवाढव्य पोराकडे पाहिलं, शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि आत म्युरिएलला चहा टाकायला सांगितलं. त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि तरी कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली होती. या हंगामातला हा पहिला गोंधळ होता, ज्यात त्याचा काडीचाही हात नव्हता.