सासऱ्यांच्या कबुतराचा वेग

संशय घेणं हा माझा गुण आहे. लोक त्याला खोड म्हणतात, कारण लोकांकडे लपवण्यासारखं बरंच असतं! कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्या आमच्या क्लबाचा सचिव झालो, त्याच दिवशी मी ठणकावून सांगितलं, "यंदा निकाल संगणक लावणार. लबाडांनी आत्ताच घरी जावं!"

शर्यत सरळ असते. चौदा जणांची कबुतरं दूरच्या एका माळावरून एकदम सोडायची. प्रत्येक कबूतर आपापल्या खुराड्यात परततं, सीलबंद घड्याळ वेळ टिपतं. खुराडी कमी-जास्त अंतरावर, म्हणून अंतराला वेळेने भागायचं. वेग जास्त, तो पहिला. आजवर ही अंतरं एका कळकट वहीत होती, कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून मोजलेली. पट्टी! मी वही कपाटात कोंबली. डेटाबेसला जोडायचं एक एक्स्टेंशन मिळतं. दोन ठिकाणांचे रेखांश-अक्षांश द्या, अंतर हजर! आधी रेखांश, मग अक्षांश, हा त्याचा उरफाटा क्रमसुद्धा मी पाळला. कॉलेजचं तोंड न पाहता शिकलोय मी हे. तोंड पाहिलेल्यांना अजून येत नाही!

तेरा जणांनी आपल्या गच्चीचे आकडे दिले. चौदावे माझे सासरे.

"जावईबापू, माझी गच्ची तुमच्या मशिनीला कळवणार नाही. उद्या चोर वर चढतील."

"बाबा, चोर अक्षांश बघून येत नाहीत."

"वहीत दोनशे बारा किलोमीटर आहे. तेवढं लिहा आणि गप्प बसा."

लिहिलं. गप्प मात्र बसलो नाही, कारण निकाल आला. तेरा कबुतरं ताशी अडतीस ते चव्वेचाळीस. सासऱ्यांचं एकटं त्रेसष्ट!

त्रेसष्ट? म्हातारं कबूतर, एका डोळ्याने अधू, आणि उडालं कसं, तर शेपटीला आग लागल्यासारखं! कबूतर गाडीतून आणलं होतं, दुसरं काय? सगळ्यांसमोर मी तसं बोललोच. सासरा असला म्हणून काय झालं!

"म्हणजे मी चोर?" सासरे ताडकन उठले. त्यांनी चषक छातीशी धरला होता. तीस वर्षांतला पहिला.

"रविवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर चषक जमा, सभासदत्व रद्द!"

"द्या घालवून! तीस वर्षं खुराडं झाडलं ते याच दिवसासाठी!"

तेवढ्यात आमचे जनावरांचे डॉक्टर कुरकुरले, "माझी मादी गेल्या वर्षी सत्तरने आली होती. यंदा त्रेचाळीस? वाटेत झोपली का?"

"माझीही तशीच!"

"माझीपण!"

आता मी सावध झालो. तेरा कबुतरं एकदम सुस्त? हा कट होता! दाणेवाल्याने दाण्यात काहीतरी कालवलं, सासऱ्यांनी कालवायला लावलं. मी दाण्याचं पोतं जप्त केलं, मूठभर स्वतः खाऊन पाहिलं आणि दोन दिवस पोट धरून बसलो. पुरावा मिळाला म्हणून खूश होतो!

घरी बायको बोलत नव्हती. ती शाळेत भूगोल शिकवते. तिसऱ्या दिवशी तिने माझे कागद ओढले.

"अहो, हे एक्स्टेंशन उत्तर देतं ते कशात?"

"अंतरात!"

"अंतर कशात?"

"म्हणजे काय? अंतर म्हणजे अंतर!"

तिने वहीतले आकडे माझ्या आकड्यांशेजारी लिहिले. दोनशे सहाच्या जागी माझे एकशे अठ्ठावीस. दोनशे दहाच्या जागी एकशे तीस. तेराही ठिकाणी तोच भागाकार, एक पूर्णांक सहा.

"बघ! सगळे एकाच प्रमाणात लबाड! याला म्हणतात टोळी!"

"याला म्हणतात मैल," ती म्हणाली.

एक्स्टेंशनच्या माहितीपत्रात स्वच्छ लिहिलं होतं, उत्तर मैलांत मिळेल. मी ते पान वाचलं नव्हतं. माहितीपत्रं ज्यांना येत नाही ते वाचतात, असं माझं मत होतं!

म्हणजे तेरा जणांना मैल आणि सासऱ्यांना किलोमीटर. सगळ्यांना किलोमीटर करून मी निकाल पुन्हा काढला आणि धावत सासऱ्यांकडे गेलो.

"बाबा, माफ करा! तुम्ही निर्दोष आहात! गाडी नाही, दाणा नाही, काही नाही!"

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "मग चषक माझाच ना?"

"नाही. तुम्ही अकरावे."

ते आत जाऊन कागद-पेन घेऊन आले.

तो अर्ज आज माझ्या टेबलावर आहे. 'कबूतर मीच गाडीतून आणलं. मला चोर म्हणून खुशाल बाद करा, पण भिंतीवरच्या यादीत अकरावा लिहू नका.' खाली साक्षीदाराची सही आहे. गाडी तिनेच चालवली, असंही तिने लिहून दिलंय. माझ्या बायकोने!