बाबा तळाशी बसतील

"जे नुसतं मिसळलंय, ते वेगळं करता येतं! रसायनशास्त्राचा मास्तर अजून जिवंत आहे!" मास्तरांनी छाती ठोकून सांगितलं आणि त्यांच्या आईनं बाथरूमच्या दारातच बसकण मारली.

प्रसंग बाका होता. वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांची राख मास्तरांनी शाळेतल्या बरणीत भरून कपडे धुण्याच्या मशीनवरच्या फळीवर ठेवली होती. घरात तेवढीच जागा कोरडी. बरणीवर चिठ्ठी नव्हती. पदार्थ नजरेनं ओळखतो तोच खरा रसायनवाला, हा मास्तरांचा बाणा! आईची नजर मात्र मोतीबिंदूनं दुधाळलेली. तिनं अर्धी रिकामी बरणी पाहिली, साबणाच्या पावडरीनं काठोकाठ भरली आणि चमच्यानं छान ढवळूनही ठेवली.

आणि निम्मी राख न्यायला ताई आत्ता पोचणार होती! बाबांच्या आजारात तिला रजा मिळाली नव्हती. तिच्या वाट्याला उरले होते ते एवढेच बाबा.

"रडू नकोस, आई. हाडांतलं कॅल्शियम हे मूलद्रव्य. ते राखेत फॉस्फरस आणि ऑक्सिजनशी संसार थाटून बसतं, ते संयुग. ते फोडणं महाकठीण. पण बाबा आणि साबण? साधं मिश्रण!"

"आणि ते आणि मी रे?"

"संयुग, आई."

आईनं पदरानं नाक पुसलं.

"पाणी ओतलं की साबण विरघळेल आणि बाबा तळाशी बसतील."

"ते? जन्मात कधी एका जागी बसले नाहीत!"

मास्तरांनी बरणी बादलीत उलटी केली आणि वरून नळ सोडला, तोही पूर्ण! फेस उठला. पावसाळी ढगासारखा करडा फेस फुगत फुगत काठावर आला, काठावरून उतरला आणि मोरीची वाट धरून चालू लागला.

"अरे, निघाले बघ!" आईनं हंबरडा फोडला. "न सांगता जायची यांची खोड काही जात नाही!"

"नळ बंद कर!"

"तूच तर धरलायस!"

मोरी अडवायला मास्तर धावले, घसरले आणि थेट वडिलांच्या मांडीवर बसावं तसे फेसात जाऊन बसले.

उरलं ते त्यांनी बाबांच्याच रुमालात गाळलं. मूठभर करडा चिखल, लिंबाच्या वासाचा! तो तळहातावर घेऊन मास्तर उभे राहिले. एवढा मोठा माणूस, आणि वजन चिमणीएवढं. आता कुठलंच शास्त्र आठवेना.

बेल वाजली!

ताईनं चपलाही काढल्या नाहीत. रुमाल ओंजळीत घेतला आणि नाकाशी नेला.

"बाबांचा शर्ट," ती कशीबशी म्हणाली. "दोरीवरून नुकता काढलेला. अगदी तोच वास रे!"

मास्तरांनी तोंड उघडलं. आईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"पण इतके ओले का झालेत?" डोळे पुसत ताईनं विचारलं.

मास्तरांच्या विजारीतून पाणी ठिबकत होतं.

"घाम फार यायचा त्यांना," आई म्हणाली.