दौलतभाऊ आणि धुण्याचे दगड

दौलतभाऊ रामटेके कोणाच्याही घरी गेले की आधी न्हाणीतला धुण्याचा दगड उलटा करून पाहत. चहापाणी, ख्यालीखुशाली नंतर. माझ्या बहिणीच्या सोयरिकीला त्यांना वडीलधारे म्हणून नेलं. मुलाकडच्यांनी पोरगा समोर आणून बसवला, तर हे मागच्या अंगणात. परत आले ते कोपरापर्यंत शेवाळ घेऊन. "काई नाई निघालं," म्हणाले. मुलाकडच्यांना वाटलं, आमच्यात अशी रीतच असेल. सोयरीक जमली.

आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन चंद्रपूरला आमच्या शेजारी आले, तेव्हा बायको वारून दोन वर्षं झाली होती. पुढे एका गावात जुन्या लढवय्याचं कोरीव शिल्प पालथं घालून लोक त्यावर कपडे आपटताना त्यांनी पाहिलं आणि असे दगड वाचवायला मंडळच काढलं. ते अध्यक्ष, मी सचिव. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

असे दगड ते गावोगाव मागत फिरत. "आपल्या झाडीपट्टीचं पुस्तक हाय हे, अन् लोकं त्याच्यावर धोतर धुऊन राह्यले," एवढं ऐकवल्याशिवाय ते हलत नसत. घरात एक्केचाळीस दगड जमले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना ते सतरा नंबरला पाठ टेकू नका म्हणून बजावत.

चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यात चिमूरकडच्या एका खेड्यात भागरताबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणातला दगड आम्ही उलटवला. खाली घोडेस्वार निघाला. गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी शाबूत. सरपंचांनी हो म्हटलं होतं, बैलगाडी दारात उभी होती.

म्हातारी उंबऱ्यावर बसून पाहत होती. "न्या भाऊ," ती म्हणाली. "माह्या मालकानं आनून टाकला होता. आता तो नाई. कपडे धुता धुता माह्यं त्याच्यासंगं बोलनं होते."

आता पुस्तकाचं भाषण येणार, म्हणून मी भिंतीला टेकलो. दौलतभाऊंनी विचारलं, काय बोलता. काही नाही, म्हातारी म्हणाली, भाजी कोणती केली, गावात कोण मेलं.

त्यांनी मला दगडाची दुसरी बाजू धरायला सांगितली. आम्ही तो होता तसा पालथा ठेवला. जरा डुगडुगत होता, तर त्यांनी खाली दगडाची एक चीप सारली, हाताने दाबून पाहिलं आणि गाडी रिकामी परत पाठवली.

एसटीच्या थांब्यावर ते म्हणाले, "माही बायको क्वार्टरातल्या नळावर कपडे धुवे. घरी एवढे दगड हायेत. तिचा हात लागला असा एकबी नाई."

त्यांनी मंडळाची वही काढली, गावाचं नाव लिहिलं, पुढे 'कोरीव काम आढळले नाही' असं लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

सचिव म्हणून मी खाली सही केली.