द्रावक कोणता?

कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीला सून करून घ्यावी म्हणून एक गृहस्थ देवरे सरांकडे चौकशीला आले. "मुलगी स्वभावानं कशी आहे?" सरांनी उलट विचारलं, "द्रावक कोणता?" गृहस्थ चहा न घेताच उठले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या नाशिकच्या कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवत, मी मराठी. सर बोलत कमी आणि बोलले तर छापील. प्राचार्य तापट आहेत असं मी म्हटलं की लगेच, "कोणत्या द्रावकात? घरी भांडी घासतात ते."

एकदा हाताला धरून त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. एकच पिवळसर पूड दोन नळ्यांत, दोन वेगळ्या द्रावकांत विरघळवलेली होती. जांभळ्या दिव्याखाली एक नळी हिरवीगार उजळली, दुसरी निळसर, मलूल.

"पूड तीच. उजेड मिळाला की हिचा रेणू आपला प्रोटॉन स्वतःच्याच दुसऱ्या ऑक्सिजनला देतो, म्हणून हिरवा. दुसऱ्या नळीत अल्कोहोल आहे. ते मध्ये लुडबुडतं आणि देणं अडतं. पुडीचा काय दोष?"

पुढे सरांनी नामपूरहून आईला फ्लॅटवर आणलं. गावात दिवसभर बोलणारी म्हातारी महिन्याभरात गप्प झाली, जेवणही तुटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. सर म्हणाले, "द्रावक चुकला." गावी तिला बघणारं कुणी उरलं नव्हतं. हा माणूस आईलाही नळीत घालतोय, असं वाटून मला रागच आला.

एका रविवारी सिन्नरला जायला मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर गेलो, तर नामपूर-सटाण्याच्या फलाटावर सर आणि आई. आई एका प्रवासी बाईशी तावातावानं गावाकडच्या अहिराणीत बोलत होती. मला पाहून म्हणाली, "तू कोना पोऱ्या शे रे?"

सर खदखदून हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "हाऊ मना दोस्त शे, माय!"

हेही मला पहिल्यांदाच कळत होतं.

नामपूरची गाडी लागली, भरली, सुटली. हे दोघं बसलेलेच.

"सर, गाडी गेली की!"

"आम्हाला कुठं जायचंय? दर रविवारी येतो."

फलाट रिकामा झाला. आई पुन्हा गप्प झाली, पदराशी चाळा करू लागली. सरांनी घड्याळ पाहिलं आणि तिचा हात हातात घेतला.

"दहा मिनिटमा सटाणानी गाडी येस, माय."

मी सिन्नरची गाडी सोडली आणि त्यांच्या शेजारी बसलो.