तात्या समुद्राची झडती घेतात

तात्या मासे खात नसत, माशांची चौकशी करत. किहीमला आमच्या शेजारच्या वाडीत राहणारा हा गृहस्थ जन्मभर बंदरावर जकातीच्या नाक्यावर कारकून होता. पेन्शनीत गेल्यावर माणसं भजनी मंडळात शिरतात, नाहीतर सुनांशी भांडतात. तात्यांना सूनही नव्हती आणि गळाही नव्हता. ते खांदेरीच्या खडकांपाशी पाण्याखाली जाऊ लागले.

मोटारीच्या ट्यूबचा तुकडा, खिडकीची काच आणि भरपूर डांबर यांतून त्यांनी पाण्यात घालायचा चष्मा स्वतःच बनवला होता. तो चढवला की ते कुठल्याही माशापेक्षा भयंकर दिसत. राघो कोळी होडी वल्हवायचा आणि त्यांच्या कमरेचा दोर धरून बसायचा. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो ते, तात्यांचे कामकाजाचे दिवस.

"पानी निवल हाय, तात्या. करा झरती!" राघो म्हणे, आणि तात्या छाती भरून घेऊन बुडी मारत.

मी गावचा मास्तर, त्यामुळे संध्याकाळी ओट्यावर बसून अहवाल ऐकणं माझ्याकडे. "आज पाकटाला हटकलं. लपवण्यासारखं काही नाही, तर वाळूत अंग पुरून बसायचं कारण काय?" पोवळ्यांच्या कपारीतल्या शेवंडींबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "मिशा हातभर आणि धीर काडीचा नाही." केंड मासा मात्र त्यांना थेट आमच्या सरपंचांसारखा वाटे, कारण जरा बोट लावलं की फुगतो. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "तपासणी केली. आढळलं ते असं."

नाक्यावरच्या वरिष्ठांना "काही आढळलं नाही" एवढंच हवं असे. ते खोटं तात्यांच्या लेखणीतून कधी उतरलं नाही. म्हणून ते कारकून लागले आणि कारकूनच निवृत्त झाले.

त्यांचा सगळा जीव एका गोब्र्यावर होता. पोत्याएवढा हा मासा खडकातल्या बिळात राहायचा. तात्या त्याला "साहेब" म्हणत. "मी गेलो की दाराशी येतात, माझ्याकडे बघतात," असं ते सांगत आणि गाव खोखो हसे. एवढा मासा फक्त तात्यांच्या तोंडात मावतो, असं सरपंच चारचौघांत म्हणत. तात्यांना ते फार लागायचं. "एकदा तरी खाली येऊन बघा हो कुणी," ते कळवळून म्हणत.

स्वातंत्र्य नवं होतं, मंत्रीही नवे होते. गावाला बोटी लागायला धक्का हवा म्हणून एका मंत्र्यांना जेवायला बोलावलं. त्यांना मोठा मासा आवडतो असं कळलं आणि सरपंचांना तात्यांचा गोब्रा एकाएकी खरा वाटू लागला. ते हार घेऊनच ओट्यावर आले.

"तात्या, तुम्हाला हसलो, चुकलो. बीळ दाखवा. मंत्र्यांच्या शेजारी तुमची खुर्ची!"

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव भाले घेऊन होड्यांत बसलं. तात्या उतरले. बराच वेळ दोर हलला नाही. राघो कासावीस होऊन ओढणार, तेवढ्यात डोकं वर आलं.

"तपासणी केली," तात्या धापा टाकत म्हणाले. "काही आढळलं नाही."

"म्हणजे गोब्रा?" सरपंच ओरडले.

"नव्हताच कधी. थापा मारत होतो मी."

हार परत गेला. मंत्र्यांनी सुरमईवर भागवलं, धक्का अजून व्हायचाय. पोरंसोरंही तात्यांना थापाड्या म्हणू लागली.

मला मात्र चैन पडेना. पुढच्या भांगाला मी त्यांच्याबरोबर गेलो आणि त्यांचा चष्मा मागून घेतला. खाली बिळाच्या तोंडाशी पोत्याएवढा गोब्रा उभा होता. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि पाठ फिरवून तो आत निघून गेला.

वर येताच मी जवळजवळ ओरडलोच, "आहे की हो, तात्या! मग सगळ्या गावासमोर खोटं का बोललात? तुम्ही?"

तात्या पंच्याच्या टोकानं चष्म्याची काच पुसत राहिले.

"मास्तर, ही गेल्यापासून घराची कडी कितीही वाजवली तरी आतून कुणी येत नाही," ते म्हणाले. "हे येतात."

राघो उगाच पलीकडे बघत दोर गुंडाळू लागला.

"जा तुम्ही," मी म्हणालो. "मला बघून साहेब आत गेले."

तात्यांनी घाईघाईनं चष्मा चढवला.