तात्पुरतं मीठ

इमारतीत शिरलं की डाव्या हाताला पत्रपेट्या आणि उजव्या हाताला माशांची काचेची टाकी, अशी रचना इमारत बांधल्यापासून होती आणि तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. टाकीत गोड्या पाण्यातले पाच-सहा मासे होते. ते दिवसभर इकडून तिकडे जायचे, तिकडून इकडे यायचे आणि मधल्या वेळात कोणी टाकलेलं खायचे. इमारतीतल्या निवृत्त मंडळींचा दिनक्रमही साधारण असाच असल्यामुळे दोन्ही बाजूंचं चांगलं जमत होतं.

अशात रंगकामाच्या कंत्राटदारानं अध्यक्षांना समुद्रातले चार मासे भेट दिले. इमारतीच्या रंगाचं कंत्राट त्यालाच मिळालं होतं, हा निव्वळ योगायोग. मासे देखणे होते, निळे-पिवळे, अंगावर पट्टे. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बसून आले होते आणि त्यांना खारं पाणी लागत होतं. त्यांच्यासाठी वेगळी टाकी पंधरा दिवसांत येणार होती. तोवर आहे त्याच टाकीचं पाणी ‘तात्पुरत्या स्वरूपात’ खारं करावं, असा प्रस्ताव घेऊन अध्यक्षांनी कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावली. विषयाचं गांभीर्य लक्षात घेऊन सभा टाकीसमोरच भरली.

या कार्यकारिणीवर दुसऱ्या मजल्यावरचा चष्मेवाला होता. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान. माणूस सालस, इतका सालस, की ‘अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत’ एवढं कानावर पडलं की प्रस्ताव काय आहे हे कळायच्या आत त्याचा हात वर गेलेला असायचा. या एकाच गुणावर तो दर खेपेस बिनविरोध निवडून येई. घरी बायको आणि आई. आईला रक्तदाब होता आणि डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं. म्हातारी अशी कडक, की बंद म्हणजे बंद. वर्षानुवर्षं अळणी जेवून तिनं ठणठणीत राहून दाखवलं होतं. संध्याकाळी ती खाली बाकावर बसून माशांशी गप्पा मारायची. त्यातल्या सगळ्यात जाड, सोनेरी माशाला तिनं भोपळ्या असं नाव ठेवलं होतं. चष्मेवाला तसा सगळ्यालाच भ्यायचा, पण आईला काहीतरी होईल ही त्याची भीती बाकी सगळ्या भीतींपेक्षा मोठी होती.

जुन्या माशांचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. ते घरोघरी वाटून घ्यावेत, असं तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी सुचवलं. सूचना सगळ्यांना फार आवडली. मग प्रत्येकानं आपापली अडचण सांगितली. एकाकडे मांजर होतं, एकाकडे नवा गालिचा होता, आणि खजिनदारबाईंचं मन इतकं हळवं, की मुके जीव कोंडलेले त्यांना स्वतःच्या घरात बघवत नसत. मास्तरांच्या घरी तर मास्तरांनाच जेमतेम जागा होती. तेव्हा जुने मासे आहेत तिथेच राहतील आणि नव्यांशी जुळवून घेतील, असं ठरलं.

दुसरा प्रश्न मिठाचा. मासेवाल्या दुकानदाराचं म्हणणं, नव्यांना समुद्राइतकं मीठ हवं. जुन्यांना तर अजिबातच नको. अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि सरासरी काढली. निम्मं मीठ. कोणाचंही पूर्ण ऐकलं नाही, त्यामुळे कोणावरही अन्याय झाला नाही. आता निम्मं म्हणजे नेमकं किती, इथे घोडं पेंड खाऊ लागलं, तेव्हा बादलीत नमुन्याचं मीठ विरघळवून प्रत्येक सदस्यानं त्यातलं चमचाभर पाणी चाखून मत द्यावं असा तोडगा निघाला. मास्तरांना ते कमी वाटलं, खजिनदारबाईंना जास्त वाटलं, चष्मेवाल्याला ठीक वाटलं. त्याला नेहमीच ठीक वाटायचं. हात वर झाले आणि वॉचमननं टाकीत मिठाचा पुडा फोडला.

घरी गेल्यावर चष्मेवाल्यानं आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“अरे, मीठ कोणाला चालतं नि कोणाला नाही, हे हात वर करून ठरतं होय?”

“पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे गं. तात्पुरतं आहे.”

आईनं वाद घातला नाही. पातेलं आणि मोठी गाळणी घेऊन ती खाली गेली आणि भोपळ्याला वर घेऊन आली. ओट्याच्या कोपऱ्यात, नळाच्या गोड्या पाण्यात त्याची सोय झाली. बाकीचे जुने मासे आठवड्याभरात एकेक करून पाण्याच्या वर आले ते वरच राहिले. इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे ‘जुळवून घेण्यात असमर्थ’ अशी नोंद करण्यात आली.

पंधरा दिवस झाले. नवी टाकी आली नाही. ती यायची नव्हतीच, पण तसं म्हणणं औचित्याला धरून झालं नसतं. दरम्यान माशांचं पाणी रोज थोडं बदलावं लागे, आणि वॉचमन बादल्या भरून, मीठ विरघळवून, उचलून ओतायचा. त्याची पाठ धरली आणि त्यानं पगार वाढवून मागितला. पगार हा शब्द कानावर पडताच खजिनदारबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माशांच्या टाकीचा नळ गच्चीवरच्या मोठ्या टाकीतूनच येत होता ना? मग मीठ सरळ गच्चीवरच का टाकू नये? बादल्या नकोत, वॉचमनची पाठ नको.

गच्चीवरचं पाणी माणसं पितात, अशी शंका मास्तरांनी काढली. अध्यक्षांनी तिची गंभीर दखल घेतली आणि परदेशात असलेल्या जावयाला तिथल्या तिथे फोन लावला. जावई तिकडे फर्निचर विकायचे, पण परदेशात होते. क्षार शरीराला आवश्यक असतात, असं त्यांनी सांगितलं. लगेच फलकावर लावायच्या सूचनेचा मसुदा तयार झाला: ‘मत्स्यहितार्थ इमारतीच्या पाण्यात तात्पुरत्या स्वरूपात निम्मे क्षार मिसळण्यात येत आहेत. रहिवाशांनी स्वयंपाकात मीठ घालताना याची नोंद घ्यावी.’

आता बोलायलाच हवं, हे चष्मेवाल्याला कळत होतं. आईला मीठ म्हणजे विष. पण विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय होता त्याच्या न्हाणीघराच्या गळक्या छताचा. छत गळत होतं ते वरच्या घरातून, आणि वरचं घर अध्यक्षांचं. दोन वर्षं रखडलेली दुरुस्ती आज मंजूर व्हायची होती. गच्चीवरच्या मिठाला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं अध्यक्ष म्हणाले. चष्मेवाल्यानं पाहिलं तर एक हात वर गेला होता आणि तो त्याच्याच खांद्याला जोडलेला होता. छताचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला.

मग काय विचारता. कपडे वाळले की दारासारखे उभे राहू लागले. साबणाला फेस येईना, कुंड्यांतली झाडं माना टाकू लागली, नळ हिरवे पडले. पहिल्या आठवड्यात जिन्यात जो तो तावातावानं बोलत होता. कोणी अध्यक्षांना धरणार होतं, कोणी वर्तमानपत्रात देणार होतं. दुसऱ्या आठवड्यात ‘चालायचंच’ सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, की हल्ली मिठाचा खर्च वाचतो. पाहुणे चहा तोंडात घेऊन कावरेबावरे होत, तेव्हा त्यांच्याकडे कीव करून पाहण्याची पद्धत पडली. मुलं शाळेतलं पाणी मिळमिळीत लागतं म्हणून घरचं पाणी भरून नेऊ लागली.

आणि एके सकाळी समुद्रातले चारही मासे मेले. निम्मं मीठ त्यांना कमी पडलं. जुने मिठानं गेले, नवे मिठावाचून गेले. सरासरी मात्र बिनचूक राहिली. आता तरी मीठ बंद होईल, असं चष्मेवाल्याला वाटलं. पण अध्यक्षांनी जाहीर केलं, की कंत्राटदार लवकरच दुसरे मासे देणार आहे, आणि ते येतील तेव्हा इमारत बेसावध सापडता कामा नये.

इकडे आईचे पाय सुजले. उठताना तिला भोवळ येऊ लागली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात मीठ जातंय का? ती बाणेदारपणे म्हणाली, कणभरसुद्धा नाही. पाण्याचं कोणी विचारलं नव्हतं. चष्मेवाला शेजारी उभा राहून जमिनीकडे बघत होता. डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्या दिवसापासून तो दुकानातून येताना पलीकडच्या इमारतीतून पाण्याचा कॅन भरून आणू लागला, आईसाठी आणि भोपळ्यासाठी. गच्चीवर मीठ पडण्याआधी आईनं भोपळ्यासाठी म्हणून राखून ठेवलेली घागरही आता तळाला गेली होती. कॅन घेऊन दुसरा मजला चढताना त्याला धाप लागायची, आणि दर मजल्यावर एकेक दार किलकिलं व्हायचं. आमचं पाणी यांना चालत नाही म्हणे! चार दिवसांत फलकावर नवी सूचना लागली: बाहेरचं पाणी आणल्यानं इमारतीच्या प्रतिष्ठेला बाधा येते, तरी संबंधितांनी बोध घ्यावा. खाल्ल्या मिठाला जागावं, असं खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं. मग चष्मेवाला चष्म्यांच्या पेटीत दोन थर्मास लपवून आणू लागला. स्वतःच्या आईला पाणी पाजायला त्याला चोरासारखं घरात शिरावं लागत होतं, आणि दोन थर्मासमध्ये एक म्हातारी आणि एक मासा कसेबसे भागत होते.

वार्षिक सभा आली. विषय पहिला: पाण्यातल्या मिठाची व्यवस्था. सभेला निघताना आईनं त्याला हाक मारली. “आज तरी तोंड उघड,” एवढंच म्हणाली.

त्यानं उघडलं. तो उभा राहिला.

“मासे मेले,” तो म्हणाला. “दोन्हीकडचे. मग आपण मीठ घालतोय कोणासाठी?”

“प्रश्न रास्त आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पण आता काढायचं झालं, तर कोणासाठी काढायचं?”

“माझ्या आईसाठी.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. तो याच्याच दुकानातला होता.

“आईंबद्दल आम्हा सर्वांना आदरच आहे,” ते म्हणाले. “त्यांना म्हणावं, थोडी सवय करा. आम्हा सगळ्यांना झालीच ना?”

पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, की आईंचं खरं आहे, पण मीठ काढलं तर मुलांच्या तोंडाची चव जाईल, त्याचं काय? मास्तरांनी बाईंची री ओढली. एका माणसासाठी सगळ्यांनी आपल्या सवयी बदलायच्या, हे लोकशाहीत बसत नाही, असं ते म्हणाले. एकदा चांगलं बसलेलं कशाला हलवायचं, म्हणून ठरावातला ‘तात्पुरत्या स्वरूपात’ हा मजकूर वगळायचं ठरलं. अनुकूल हात मोजायची गरजच पडली नाही. विरुद्ध कोण, असं अध्यक्षांनी केवळ रिवाज म्हणून विचारलं, आणि चष्मेवाल्याचा हात वर गेला. एकटाच. त्यानं तो खाली घेतला नाही. लोकशाही जिवंत असल्याबद्दल अध्यक्षांनी त्याचे आभार मानले.

घरी येऊन त्यानं सांगितलं, तेव्हा आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. “उशिरा का होईना,” ती म्हणाली. मग तिनं पिशवी भरली. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याची थोरली बहीण राहायची, तिच्याकडे ती गेली, भोपळ्याला झाकणाच्या डब्यात घालून, बसमध्ये डबा मांडीवर धरून. आई गेल्यावर तिची रिकामी खाट पाहून चष्मेवाल्याला रडू कोसळलं. आपल्या हातानं आपण हे केलं, असं तो बायकोला म्हणाला. तिनंही ते खोडून काढलं नाही.

दुकानाची धावपळ, हे ना ते. बहिणीकडे जायला त्याला दोन महिने लागले. दार आईनंच उघडलं. पायांची सूज पार उतरली होती, चेहरा तजेलदार दिसत होता. खिडकीत काचेच्या मोठ्या बरणीत भोपळ्या आणखी जाड होऊन फिरत होता. चष्मेवाल्याला फार बरं वाटलं. त्या सभेत हात वर केल्याचं त्यानं बहिणीला सविस्तर सांगितलं. एकटा होतो ताई, अख्ख्या सभेत एकटा. आई कौतुकानं ऐकत होती.

बहिणीनं पाण्याचा तांब्या-भांडं पुढे ठेवलं. त्यानं एक घोट घेतला, भांडं खाली ठेवलं, पुन्हा उचलून आणखी एक घोट घेतला.

“ताई,” तो म्हणाला, “तुमच्याकडच्या पाण्याला काही चवच नाही गं. चिमूटभर मीठ दे बघू.”

बहीण हसली, तिला वाटलं, भाऊ थट्टा करतोय. आई हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग उठून आत गेली.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे चष्मेवाल्याला पोट धरून हसले. हसून घसा कोरडा पडला, तेव्हा आपापल्या घरचं पाणी प्यायले आणि म्हणाले, आमचं बाकी गोड आहे हो. तुमच्याही घरचं गोडच लागत असेल.