विजयसिंहांनी खाल्लेला ससा

पिंपळीच्या मानसिंगकडे आता चौतीस ससे झाले होते आणि त्यातला एकही कुणाच्या ताटात गेला नव्हता.

सहा महिन्यांपूर्वी बारामतीच्या एका शिबिरात त्याने ऐकलं, की सशाचं मटण हाच उद्याचा धंदा. वडील भीमातात्यांची मेंढरं विकून झाल्यापासून घरामागचं वाडगं रिकामंच होतं. तिथे जाळीचे पिंजरे बसले, एक नर आणि चार माद्या आल्या. शिबिरातल्या साहेबांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं. ससे भराभर वाढले, पिलं झाली, पिलांनाही पिलं झाली. फक्त हे खाणार कोण, तेवढं साहेब सांगायला विसरले होते.

गावातली माणसं म्हणत, "आधी दुसऱ्या कुनाला तरी द्या. त्याला काय झालं न्हाय तर आमी हायच." सुप्याच्या बाजारातल्या खाटकाने मानसिंगने नेलेल्या टोपलीत वाकून पाहिलं आणि झाकण लावलं. "ह्यो माज्याकडं बघतोय," तो म्हणाला, आणि पुन्हा बोकडाकडे वळला.

घरात तर बोलायची सोयच नव्हती. "माज्या चुलीवर न्हाय चालायचं," बायकोने, सारजाने, बजावलं होतं. "आज ससा आनलाय, उद्या मांजर आनशिला."

रोज पहाटे दोन भारे लसूणघास कापून मानसिंग एमआयडीसीत कामाला जायचा. पहिल्या पाळीला तीनदा उशीर झाल्यावर तिथल्या साहेबांनी लेखी समज दिली. त्याच्या तोंडचा घास पळाला होता आणि सशांना मात्र घास पुरत नव्हता.

अशात कारखान्याच्या कॅन्टीनचे कंत्राटदार विजयसिंह एकदा म्हणाले, "मानसिंगराव, रविवारी येतो जेवायला. आवडलं तर दर आठवड्याला दहा ससं माझं."

मानसिंगला ही शेवटची आशा वाटली. रविवारी सकाळी तो सुरी घेऊन पिंजऱ्यासमोर बसला. तासाभराने सुरी घेऊन तसाच परत आला.

"तात्या, तुमी जन्मभर बोकडं कापली. येवढं येक काम करा. पन मला दाखवू नका."

तात्या पातेलं घेऊन मागे गेले आणि साफ केलेलं मटण घेऊन आले. आश्चर्य म्हणजे सारजाने न सांगता मसाला वाटायला घेतला. मानसिंगला वाटलं, ऐन वेळेला बायको पाठीशी उभी राहिली.

विजयसिंह चार भाकरी जेवले. "कवळं हाय हो! आन् ह्यो रस्सा! दहा पक्कं समजा," ते म्हणाले आणि वाटी पुसून उठले.

त्यांची जीप वळताच मानसिंग वाडग्याकडे पळाला. "तात्या, दर आठवड्याला दहा!"

तात्यांचा चेहरा पडला. "दहा कोंबड्या आनायच्या कुठनं रं?"

"कोंबड्या?"

"दोनदा धरला त्याला," तात्या जमिनीकडे बघत म्हणाले. "दोन्ही येळंला माजी बोटं चाटली. मेंढरू निदान वरडतं, पाय झाडतं. ह्यो बोलतच न्हाय काय. मग सारजानं तिची तांबडी कोंबडी दिली."

"अंड्यावर व्हती," दारातून सारजा म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

मानसिंग तिथेच जमिनीवर बसला. दर आठवड्याला माणसाला फसवणं त्याच्याने होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो खरं सांगायला कॅन्टीनमध्ये गेला. विजयसिंह लिंबूपाणी घेऊन भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बरं झालं आलात. ती ऑर्डर ऱ्हाऊ द्या."

"का? आवडलं न्हाय?"

"चव येक नंबर. पन घरी पोचलो आन् डोळ्यांम्होरं ती लांब कानं आली. जे काय खाल्लं व्हतं, समदं भाईर. सकाळपास्नं पानीसुदिक ठरंना. मला ससा सोसत न्हाय, मानसिंगराव."

मानसिंगने हात जोडले. "साहेब, ती कोंबडी व्हती. घरची. तुमच्या पोटात ससा गेलेलाच न्हाय!"

विजयसिंहांनी लिंबूपाणी खाली ठेवलं. मग कसेबसे उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई भला मानूस तुमी. मला बरं वाटावं म्हनून सोताच्या मालाला कोंबडी म्हनताय. पन मी उभा जन्म कोंबडी खाल्लीय. मला कळत न्हाय व्हय?"

"सारजाची शप्पथ, साहेब..."

"नगं, नगं. माज्यापायी बायकोची खोटी शप्पथ घिऊ नका." त्यांचे डोळे भरून आले होते. आत वळून त्यांनी हाक मारली, "आरं, कोबीचा पाला निघालाय तेवढा गोनीत भरा. मानसिंगरावांच्या सशांना जाऊ द्या."

मानसिंगने गोणी लुनाच्या मागे बांधली आणि तो पिंपळीकडे निघाला. गोणी चांगली मोठी होती. तरी दोन दिवसांच्या वर पुरणार नव्हती.